मामा तलाव : पाणी, धान आणि मासळी



'तळे राखील तो पाणी चाखील' ही म्हण आपण सगळेच वापरतो. आज ती बहुधा टोमणा म्हणून वापरली जाते. गोदामाची चावी ज्याच्या कमरेला, त्याच्या घरी चार पायल्या जास्त जायच्याच, अशा अर्थाने. पण भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या तलावांच्या मुलखात या म्हणीचा सरळ अर्थच खरा होता. इथे तळे राखणे हे काम होते आणि पाणी चाखणे हा त्या कामाचा मोबदला होता. राखणाऱ्यांत कास्तकार होता, धीवर होता, गुराखी होता. चाखणाऱ्यांतही तेच होते.

हा व्यवहार कसा उभा राहिला, तो कधी मोडला, मोडल्यावर पाण्यासोबत आणखी काय काय गेले, आणि काही गावांनी ते परत कसे आणले, याची हकिगत या पत्रकात दिली आहे. हकिगत जुनी असली तरी तिचा संबंध तुमच्या यंदाच्या धानाशी आहे. म्हणून सावकाश वाचा आणि गावातल्या चार जणांना वाचून दाखवा.

तलाव कोणी बांधले?

आपल्या पूर्व विदर्भात सुमारे सात हजार जुने तलाव आहेत असे सांगतात. एवढे तलाव काही एका राजाने किंवा एका सरकारने बांधलेले नाहीत. गोंड राजांच्या काळात, म्हणजे साधारण तीनशे ते पाचशे वर्षांपूर्वी, गावोगावच्या लोकांनी ते बांधायला सुरुवात केली. चांद्याच्या हीरशहा राजाबद्दल अशी आठवण सांगतात, की जो जंगल साफ करून गाव वसवील त्याला ते गाव, आणि जो तलाव बांधील त्याला त्या तलावाच्या पाण्याने भिजेल तेवढी जमीन, असा त्याचा हुकूम होता. तलाव जितका चांगला, तितकी जमीन जास्त. मग माणूस हात राखून काम कशाला करील?

या कामात कोहळी समाजाचे नाव सर्वांत पुढे आहे. गोंड राजा काशीयात्रेला गेला आणि तिकडून या लोकांना घेऊन आला, अशी कथा आहे. कथा कशीही असो, कोहळ्यांचा हात मातीत आणि नजर पाण्याच्या उतारावर होती, यात शंका नाही. धान आणि ऊस ही त्यांची पिके. दोन्ही पाण्याची भुकेली.

नवेगावबांधचा मोठा तलाव तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला. भोवतीच्या सात टेकड्यांना लोक सात बहिणी म्हणतात आणि बांधाच्या कामात या बहिणींनी मदत केली असे सांगतात. गोष्टीतला अर्थ सोपा आहे. टेकड्यांच्या मधल्या खिंडी बांधल्या की टेकड्याच पाळीचे काम करतात. जिथे निसर्ग निम्मे काम करून ठेवतो, तिथे माणसाने उरलेले निम्मे करावे, ही त्या लोकांची रीत. कोलू पाटलांना लोकांनी पुढे कोलासूर म्हणून देवाच्या जागी बसवले. तलाव बांधणाऱ्या माणसाचा देव होतो, यावरून त्या काळी तलावाला काय मोल होते ते समजावे.

तलावाची गरज का पडली, हे तर तुम्हाला सांगायला नकोच. आपल्याकडे सुमारे १२०० ते १४०० मिलिमीटर पाऊस पडतो. पण तो चार महिन्यांत पडून जातो. रोवणीच्या वेळी दगा देतो, नाहीतर हस्त नक्षत्र कोरडे जाते. धान निसवायला आले आणि बांधीत भेगा पडल्या, म्हणजे सगळ्या हंगामाची मेहनत पाण्यावाचून पाण्यात! भारी धानाला तर कापणीआधी दोन पाणी हवेच असतात. ते दोन पाणी देण्यासाठी हे तलाव आहेत.

तलाव म्हणजे टाके नव्हे

आता जुन्या तलावाची अंगे पाहू. पाळ सगळ्यांना दिसते. पाळीतून पाणी सोडण्याची जागा ती तुडूम. जास्तीचे पाणी वाहून जाण्याची वाट ती सलंग. एका तलावाची सलंग पुष्कळदा खालच्या तलावात उतरते आणि त्याची त्याच्या खालच्या तलावात. अशी ही साखळी असते. वरच्या अंगाला येवा, म्हणजे जिथून पाणी वाहत येते ते रान. तिथे जंगल असले की पाणी निवळून येते. जंगल गेले की पाण्यासोबत माती येते.

पण आणखी एक अंग आहे, आणि त्याच्याकडे आपले लक्ष जात नाही. ते म्हणजे पाळीच्या समोरचा उथळ काठ. पाळीजवळ पाणी खोल असते. तिथून येव्याकडे जावे तसतसे ते कमी कमी होत जाते आणि शेवटी गुडघाभर, घोटाभर होऊन रानात मिसळते. पावसाळ्यात हा पट्टा बुडतो, उन्हाळ्यात उघडा पडतो. पाहणाऱ्याला वाटते, ही जागा वाया गेली. पण तलावाचे बाळंतघर तेच आहे.

कसे ते ऐका. मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला, वरून नवे पाणी आले, की मासे त्या पाण्यावर चढतात. हे तुम्ही लहानपणी पाहिले आहे. ते चढतात ते अंडी घालण्यासाठी. उथळ पाणी उन्हाने कोमट असते. तिथे गवत आणि पाणवनस्पती असतात. अंडी त्यांना चिकटून राहतात, आणि पिल्लांना लपायला जागा आणि खायला बारीक किडे मिळतात. मरळ तर वनस्पतींच्या दाटीत जागा करून अंडी घालते आणि पिल्लांची राखण करते. शिंगी आणि मागूर चिखलपाण्यातही जगतात, कारण पाण्यातली हवा कमी पडली तर त्यांना वरची हवा घेता येते. शिवडा, वाम, खवली, झिंगे, प्रत्येकाची जागा वेगळी आणि खाणे वेगळे. ही झाली आपली देशी मासळी. नावे गावागणिक बदलतील, मासे तेच.

वनस्पतींचेही तसेच थर आहेत. काही पूर्ण पाण्याखाली राहतात, जशी हायड्रिला. त्या पाण्यात प्राणवायू सोडतात. काहींची मुळे तळाशी आणि पाने पाण्यावर, जशी कमळ आणि कुमुद. त्यांच्या सावलीने उन्हाळ्यात पाणी तापत नाही. काठाला लव्हाळी, देवधान आणि पोकळ दांड्याची गाद उभी असते. ती लाटांपासून माती धरून ठेवते. तिच्यात पाणकोंबडी आणि अडई घरटे करते, आणि तिचे कंद सारस उकरून खातो. यांतला एक थर गेला की त्याच्यावर जगणारे सगळे जातात.

राखणारा गेला

इंग्रजी अमलात मध्य प्रांतात मालगुजारी पद्धत पक्की झाली. मालगुजार सारा गोळा करी आणि गावच्या तलावाचा मालकही तोच असे. मालगुजारी म्हणजे सोन्याचा काळ होता असे कोणी समजू नये. रयतेने पुष्कळ सोसले आहे, वेठ केली आहे. पण तलावाच्या बाबतीत एक गोष्ट पक्की होती. तो कोणाचा आणि त्याचे काय करायचे, हे ठरलेले होते. गावकऱ्यांचे निस्ताराचे हक्क कागदावर लिहिलेले होते. ढोरांना पाणी, घरखर्चाला पाणी आणि बांधीला पाणी. त्याच्या बदल्यात उन्हाळ्यात तलावाचा गाळ काढायचा, पाळीला माती घालायची आणि पाट साफ करायचे, हे काम गावाकडे असे. गाळ शेतात पडे, शेत सुधारे आणि तलाव खोल राही.

पुढे देश स्वतंत्र झाला. १९५० साली मालकी हक्क नष्ट करणारा कायदा झाला आणि १९५१ साली मालगुजारी संपली. ते योग्यच झाले. तलाव सरकारजमा झाले आणि त्यांना 'माजी मालगुजारी तलाव' हे नाव पडले. त्यातल्या पहिल्या दोन शब्दांची पहिली अक्षरे घेऊन आपण त्यांना मामा तलाव म्हणतो. १९५६ साली आपला भाग मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. १९६२ साली जिल्हा परिषदा स्थापन झाल्या. लहान तलाव त्यांच्याकडे गेले, मोठे पाटबंधारे खात्याकडे राहिले.

मालक बदलला, पण राखणारा कोण हे काही ठरले नाही. गावाला वाटले, आता तलाव सरकारचा, सरकार बघेल. सरकारपुढे मोठी धरणे होती. १९७० च्या सुमारास इटियाडोह धरण झाले, त्याचे कालवे आले आणि अनेक गावांना तलावाची निकड उरली नाही. हजारो लहान तलावांची दुरुस्ती करायला पैसाही अपुरा आणि माणसेही अपुरी. गाळ साचत गेला. तुडूम मोडले. येव्यातले जंगल तुटून तिथे शेती आली. तलावाच्या पोटातली उघडी पडलेली जमीन आधी गाळपेरीला आणि मग कायमची नांगराखाली गेली. म्हणजे जो उथळ काठ माशांचे बाळंतघर होता, त्यावरच पहिला घाव पडला.

मासळी का घटली?

या सगळ्यात धीवर समाजाचे काय झाले, हेही पाहिले पाहिजे. तलावाच्या मासळीवर जगणारा हा समाज. त्यांच्या सहकारी मच्छीमार संस्था झाल्या आणि तलाव ठेक्याने त्यांच्याकडे येऊ लागले. त्याच काळात मत्स्यशेतीत मोठा बदल झाला. १९५७ साली ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या डोक्यातल्या ग्रंथीचा अर्क टोचून कार्प जातीच्या माशांना कोंडलेल्या पाण्यात अंडी घालायला लावले. तेव्हापासून कटला, रोहू आणि मृगळ यांचे बीज हवे तेवढे तयार करता येऊ लागले. १९५९ साली चंदेऱ्या आणि गवत्या हे परदेशी कार्पही देशात आणले गेले. हे मासे लवकर वाढतात, बाजारात खपतात. अनेक कुटुंबांना त्यांनी चार पैसे दिले, हे नाकारता येणार नाही.

पण हिशेबाची दुसरी बाजूही बघा. कटला-रोहू हे मूळचे वाहत्या मोठ्या नद्यांचे मासे. आपल्या साठलेल्या तलावात ते सहसा अंडी घालत नाहीत. म्हणून दरवर्षी बोटुकली विकत आणून सोडावी लागते. ज्या वर्षी पाऊस दगा देतो, त्या वर्षी बीजाचा पैसा बुडतो. देशी मासा स्वतःचे बीज स्वतःच देतो. त्याला काठ, वनस्पती आणि पावसाळ्यातली दोन महिन्यांची शांतता एवढेच हवे असते. गवत्या मासा तर पाणवनस्पतीच खातो. सायप्रिनस तळ उकरतो, त्याने पाणी गढूळ होते, आणि गढूळ पाण्यात ऊन पोहोचत नाही म्हणून उरलेल्या वनस्पती मरतात. मोठ्या माशाला जागा हवी म्हणून काही ठिकाणी मरळ, शिवडा यांना वैरी समजून काढून टाकण्यात आले.

त्यात भर पडली बेशरमाची. ही मूळची दक्षिण अमेरिकेची वनस्पती. तोडलेली कांडी ओल्या मातीत पडली तरी मुळे धरते. ढोर तिला तोंड लावत नाही, लावले तर विषबाधा होते. रिकाम्या झालेल्या काठावर ती पसरली आणि तिच्या दाटीत देशी वनस्पतींना जागा उरली नाही. मासळी कमी झाली, तसे धीवरांच्या घरचे ताटही बदलले. बारीक मासे आणि झिंगे हे गरिबाच्या घरी बाया आणि मुले रोज खात. ठेक्याचा मोठा मासा बाजारात जातो, तो सगळाच काही ताटात येत नाही.

काही गावांनी काय केले?

आता चांगली हकिगत ऐका. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात आणि आसपास काही तलावांवर गेल्या पंधरा-वीस वर्षांत वेगळे काम झाले. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ही संस्था आणि धीवरांच्या मच्छीमार संस्था एकत्र बसल्या. सुरुवात खोदकामाने केली नाही. सुरुवात जुन्या जाणत्या धीवरांना विचारण्यापासून केली. पूर्वी तलावात कोणते मासे होते? कोणता मासा कोणत्या वनस्पतीत अंडी घालतो? कोणता पक्षी काय खातो? ही सगळी विद्या म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात होती, ती गोळा केली. त्यातून दिसून आले, की नुसते पाणी वाढवून मासळी येणार नाही. आधी वनस्पती आणाव्या लागतील.

मग कामाचा क्रम ठरला. उन्हाळ्यात काठ उघडा पडल्यावर बेशरम मुळासकट उपटायची. वर्षानुवर्षे ढोरांच्या पायांनी आणि उन्हाने घट्ट झालेला काठ पावसाआधी नांगरून मोकळा करायचा. पाऊस लागला की जवळच्या चांगल्या तलावातून देशी वनस्पतींचे कंद, मुळे आणि फुटवे आणून लावायचे. पाण्याखाली राहणाऱ्या खोल भागात, तरंगत्या पानाच्या मधल्या भागात, लव्हाळी-देवधान काठाला. धानाची रोवणी आणि ही रोवणी, हात तेच आणि कंबर तीच! हे काम करण्यात धीवर समाजाच्या बाया पुढे होत्या. काठाच्या शेवळा-गवताशी आणि बारीक मासळीशी त्यांचा संबंध रोजचा.

त्यासोबत संस्थांनी स्वतःवर काही नियम घालून घेतले. अंडी घालण्याच्या दिवसांत मासेमारी बंद ठेवायची. गवत्या आणि सायप्रिनस सोडायचे नाहीत. देशी माशांच्या काही जोड्या बीजासाठी राखायच्या. कटला-रोहू पूर्ण बंद करा असे कोणी म्हटले नाही. दोन्ही ठेवा, पण घरच्या माशाची जागा त्याला परत द्या, एवढेच म्हणणे. जिथे वनस्पतींनी जीव धरला, तिथे देशी मासळी पुन्हा जाळ्यात येऊ लागली आणि पाणपक्षी पुन्हा उतरू लागले. यात कोणतेही मोठे यंत्र लागले नाही. माहिती, मेहनत आणि एकमत लागले.

इथे एक इशारा देणे जरूर आहे. २०१४ नंतर जलयुक्त शिवार आणि २०१७ नंतर गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार अशा योजनांतून अनेक तलावांचा गाळ निघाला. गाळ काढणे चांगलेच. पण काही ठिकाणी यंत्राने तलाव चहूकडून सरळ उभा कापून काढला जातो, एखाद्या हौदासारखा. पाणी साठते, पण उथळ काठ राहत नाही. मासा अंडी कुठे घालणार? पक्षी पाय कुठे टेकणार? अशा हौदाला दुरुस्त झालेला तलाव म्हणता येणार नाही.

सारस तुमच्याच बांधीत

तलाव जगला की त्याची खूण आकाशातून उतरते. महाराष्ट्रात सारस आज प्रामुख्याने गोंदिया जिल्ह्यात उरला आहे. शेजारच्या भंडाऱ्यात अगदी मोजके. गेल्या काही वर्षांच्या गणनेत गोंदियात कधी चाळीसच्या आसपास, तर कधी त्याहूनही कमी सारस भरले. दरवर्षी जून महिन्यात वनखाते, सेवा ही गोंदियाची संस्था आणि गावोगावचे शेतकरी मिळून ही मोजणी करतात. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या पक्ष्याच्या रक्षणाचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला.

पण सारस काही न्यायालयात राहत नाही. तो राहतो तुमच्या बांधीत. माणसाच्या उंचीचा हा पक्षी पावसाळ्यात धानाच्या बांधीत किंवा तलावाच्या काठाला गवत-लव्हाळ्याचे घरटे करतो. अंडी बहुधा दोनच. महिनाभर नर-मादी आळीपाळीने उबवतात. घरट्यासाठी चार हात जागेतले धान मोडते, ते दिसते. पण गोंदियात ज्या शेतकऱ्यांनी ते चार हात सोडून दिले, घरट्याभोवती कुत्री आणि पोरे फिरकू दिली नाहीत, त्यांच्यामुळेच हा पक्षी अजून टिकून आहे. विषारी फवारणी आणि विजेच्या तारा हे त्याचे आजचे मोठे शत्रू. बांधी आणि तलाव या दोहोंवर तो जगतो, म्हणून दोन्ही शाबूत आहेत की नाही हे सारसाकडे पाहून कळते.

धान आणि मासा यांचे भांडण

आता मुद्द्याची गोष्ट. कास्तकार म्हणतो, माझे धान वाळते आहे, तलावाचे सगळे पाणी सोडा. धीवर म्हणतो, सगळे पाणी सोडले तर मासा मरेल. दर आश्विन-कार्तिकात हा वाद अनेक गावांत होतो. दोघेही खोटे नाहीत.

जुन्या बांधणीतच याचा तोड होता. तुडुमाचे सर्वांत खालचे तोंड तलावाच्या तळाच्या वर असे. पाणी त्या तोंडापर्यंत उतरले की आपोआप थांबे. त्याच्या खालचे पाणी कोणाच्याच बांधीत जात नसे. ते ढोरांचे, माशांचे आणि पाखरांचे. पुढल्या पावसाळ्यापर्यंत त्यात मासळीचे बीज जिवंत राही. हा नियम कोणी लिहून ठेवला नव्हता, तो बांधकामातच होता. डिझेलचे आणि विजेचे पंप आले आणि तो मोडला. आता पंप तुडुमाच्या खालचे शेवटचे पाणीही ओढून नेतो. त्या पाण्याने दोन-चार बांध्या भिजतात, पण तलावाची पुढल्या वर्षाची मासळी संपते आणि गावाच्या ढोरांना चैत्रात पाणी राहत नाही. म्हणून तुडुमाखालचे पाणी पंपाने न उचलण्याचा ठराव गावाने करावा. सगळ्यांत कमी खर्चाचा आणि सगळ्यांत मोठ्या फायद्याचा उपाय हाच.

कायदा हे आपल्यासाठी करील, अशी आशा धरून बसू नका. २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांत सिंचनासाठी बांधलेल्या जलाशयांना आणि धानाच्या शेतांना पाणथळ जागा म्हणून धरलेले नाही. म्हणजे आपले बहुतेक मामा तलाव त्या नियमांच्या बाहेरच राहतात. मात्र वनहक्क कायदा २००६ मध्ये वनक्षेत्रातल्या पाण्यातील मासळीवरचा गावाचा सामूहिक हक्क मान्य केला आहे. ज्या गावांचे तलाव जंगलात आहेत, त्यांनी ग्रामसभेत याची चौकशी जरूर करावी.

आपल्या गावात काय कराल?

१. उन्हाळ्यात ग्रामसभा, मच्छीमार संस्था आणि ओलिताचे शेतकरी यांनी एकत्र तलावावर जावे. पाळ, तुडूम, सलंग, येवा आणि उथळ काठ, पाचही अंगे पायी फिरून पाहावी. जुन्या धीवरांना आणि म्हाताऱ्या बायांना सोबत न्यावे.

२. गाळ काढताना खोल भागातलाच काढावा. काठाचा उतार हलका ठेवावा. पाळीच्या पायथ्याशी खोदू नये, पाळ खचते. तळाची चिकणमाती फोडू नये, पाणी झिरपून जाते. एका वर्षी सगळा तलाव न खरवडता अर्धा यंदा, अर्धा पुढल्या वर्षी करावा. म्हणजे वनस्पतींचे कंद आणि बीज शिल्लक राहते.

३. बेशरम पावसाआधी मुळासकट उपटून पाण्यापासून दूर वाळवावी आणि जाळावी. तोडून काठावर टाकू नये. दुसऱ्या वर्षी नवे फुटवे पुन्हा काढावे.

४. पाऊस लागल्यावर जवळच्या तलावातील देशी पाणवनस्पती लावाव्या. जलपर्णी चुकूनही आणू नये. लावलेल्या भागात पहिले वर्ष ढोरे जाऊ देऊ नयेत. त्यांना पाण्यावर उतरायला एक वाट वेगळी ठेवावी.

५. मृग लागल्यापासून दोन महिने मासेमारी बंद ठेवावी. चढणीच्या वाटेवर जाळे लावू नये. मच्छरदाणीच्या कापडाचे जाळे कायमचे बंद करावे, त्यात बोटभर पिल्लूही सुटत नाही.

६. थाई मागूर या नावाने विकला जाणारा आफ्रिकन मागूर पाळायला बंदी आहे. तो तलावात सोडू नये. गवत्या आणि सायप्रिनस सोडण्याआधी दहा वेळा विचार करावा.

७. फवारणी झालेल्या बांधीचे पाणी काही दिवस तलावाकडे किंवा पाटात सोडू नये. फवारणीचा पंप आणि औषधाचे डबे तलावात धुऊ नयेत.

८. येव्यातली झाडे राखावी. उतारावर शेती असेल तर बांध-बंधिस्ती करावी. तुमच्या उतारावरची माती तलावात गेली, म्हणजे शेताचेही नुकसान आणि तलावाचेही.

९. बांधीत सारसाचे घरटे दिसले तर त्याला हात लावू नये, वनखात्याला कळवावे.

बंधू-भगिनींनो, हे तलाव ज्यांनी बांधले त्यांच्याजवळ फावडे, टोपली आणि उताराची पारख एवढेच होते. त्यांना जमीन मिळाली ती तलाव चांगला बांधला म्हणून, आणि पुढच्या पिढ्यांना पाणी मिळाले ते तलाव राखला म्हणून. आज गाव आणि सरकार एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसले आहेत आणि तेवढ्यात बेशरम काठ व्यापते आहे. या उन्हाळ्यात तुमच्या गावाने एक तलाव निवडावा, मोठा नको, गावाजवळचा लहानच. त्याचा काठ साफ करावा, वनस्पती लावाव्या आणि तुडुमाखालचे पाणी राखावे. पहिल्या वर्षी फार काही दिसणार नाही. दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात मृगाच्या पाण्यावर मासा चढताना दिसला, तर समजा, तलाव परत गावाचा झाला.